स्लॅबखालच्या खोलीसाठी गेमिंग संगणक

माझ्या भाच्याने यंदा गेमिंगसाठी संगणक असेंबल करून घ्यायचे ठरवले आणि सुट्या भागांची यादी नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे पाठवली. यादीत इंटेलचा कोअर आय७-१४७००के हा प्रोसेसर होता, आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड होते, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर होता, पुढच्या बाजूला अखंड काच असलेले कॅबिनेट होते आणि सात रंगीत पंखे होते. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या ओळीत मात्र ‘७५० वॅट, कुठलाही चालेल’ एवढेच लिहिले होते. अशा याद्या मी अनेक पाहिल्या आहेत. प्रत्येक भाग सुटा पाहिला तर उत्तम असतो, पण संगणक ज्या खोलीत चालणार आहे तिचा त्यांत कुठेही विचार केलेला नसतो. म्हणून मी त्याला आधी खोलीबद्दल विचारले.

बहिणीचे घर सांगलीच्या गावभागात आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेव्हापासून विजेवर चालणारी महागडी वस्तू तळमजल्यावर ठेवण्याची गोष्ट त्या घरात कोणी काढत नाही. साहजिकच संगणक वरच्या मजल्यावर जाणार, आणि वर मोकळी असलेली एकमेव खोली थेट स्लॅबखाली असून तिची खिडकी पश्चिमेला उघडते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीच्या आसपास असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरा वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, आणि हे महाशय खेळायला बसणार ते जेवण झाल्यावर, म्हणजे नेमके त्याच वेळी. त्यामुळे खोलीचे तापमान ३८ अंश सेल्सिअस धरूनच प्रत्येक निर्णय घ्यायचा, असे आम्ही ठरवले.

या एका आकड्याने पुढचे बरेच काही आपोआप ठरते. पंखा असो की लिक्विड कूलर, दोन्ही भोवतालच्या हवेलाच उष्णता देतात, त्यामुळे कोणताही घटक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. ठरावीक भार आणि पंख्याची ठरावीक गती असेल, तर घटकाचे तापमान खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच अधिक राहते. परदेशी समीक्षांमध्ये दिलेले आकडे बहुधा २१ ते २५ अंशांच्या खोलीत मोजलेले असतात. तिथे ७२ अंश दाखवणारे ग्राफिक्स कार्ड स्लॅबखालच्या खोलीत ८५ ते ८९ अंशांवर जाईल, पंखे पूर्ण वेगाने ओरडू लागतील आणि तरीही तापमान आवरले नाही तर कार्ड स्वतःच आपली गती कमी करेल. पैसे वरच्या दर्जाच्या कार्डाचे मोजायचे आणि मे महिन्यात काम खालच्या दर्जाचे घ्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

संगणक विजेचा जेवढा वॅट घेतो तेवढी उष्णता अखेरीस त्याच खोलीत सोडतो, म्हणून थंडाव्याचे खरे नियोजन कूलर निवडताना नव्हे, तर प्रोसेसर आणि कार्ड निवडतानाच होऊन जाते. कोअर आय७-१४७००के ची मूळ मर्यादा १२५ वॅट असली तरी पूर्ण जोरात तो २५३ वॅटपर्यंत जाऊ शकतो. गेम खेळताना तो इतका क्वचितच चढतो हे मान्य, परंतु कूलर आणि मदरबोर्ड त्या आकड्याच्या हिशेबानेच घ्यावे लागतात. आरटीएक्स ५०७० ला २५० वॅट लागतात. दोन्ही मिळून झाले ५०३ वॅट. त्याऐवजी मी सुचवलेला एएमडीचा रायझन ५ ७६०० हा कागदावर ६५ वॅटचा आणि प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर आहे, तर १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड १६० वॅटचे आहे. बेरीज २४८ वॅट, म्हणजे जवळजवळ निम्मी. भाच्याचा मॉनिटर १०८० पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे (फ्रेम) दाखवणारा आहे. त्या पडद्यासाठी ही जोडी पुरेशी आहे आणि त्याच्या पहिल्या यादीतील बरीचशी ताकद त्या पडद्यावर वायाच गेली असती. शिवाय इंटेलने चौदाव्या पिढीनंतर घरगुती संगणकांसाठी सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) बदलले आहे, तर या रायझनचे एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. त्यामुळे पुढे गरज पडल्यास मदरबोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे पन्नासेक वॅट धरले तर कॅबिनेटमधून सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर काढायची आहे. आत शिरणारी हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांपेक्षा जास्त तापू नये असे धरून गणित मांडले, की दर मिनिटाला साधारण ६० घनफूट हवा फिरवावी लागते. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यातील तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे पुस्तकी उत्तरापेक्षा हा आकडा बारा-तेरा टक्क्यांनी अधिक येतो. भाच्याच्या पहिल्या यादीसाठी हेच उत्तर ११० घनफुटांच्या घरात गेले असते. पंख्याच्या खोक्यावर छापलेला हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी आणि धुळीचा फिल्टर आला की त्यातला निम्मा हाती लागला तरी पुष्कळ झाले. या हिशेबाने पुढच्या बाजूने हवा आत घेणारे १४० मिलिमीटरचे दोन पंखे आणि मागून हवा बाहेर टाकणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा पुरतो. मोठा पंखा कमी गतीवर चालवणे नेहमीच फायद्याचे असते, कारण गती निम्मी केली तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा शेजारी जोडला तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. पंखे चार पिनांचे घ्यावेत, म्हणजे मदरबोर्डला त्यांची गती तापमानानुसार नीट कमी-जास्त करता येते. रंगीत दिव्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण सात पंख्यांपैकी चार केवळ शोभेचे असतील तर त्यांच्या पैशांत चांगला एसएमपीएस येतो, एवढे मी त्याच्या कानावर घातले.

कॅबिनेटच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करू दिली नाही. पुढे काच लावलेल्या कॅबिनेटला हवा बाजूच्या बोटभर फटीतून ओढावी लागते. नाक दाबून धावायला लावण्यासारखाच तो प्रकार आहे. पुढची बाजू पूर्ण जाळीची हवी, फिल्टर हाताने ओढून काढता यावा, आणि आतील जागेची मापे आधी कागदावर जुळवून पाहावीत. कॉर्सेअरच्या ४०००डी एअरफ्लो या कॅबिनेटमध्ये १७० मिलिमीटर उंचीचा कूलर आणि ३६० मिलिमीटर लांबीचे कार्ड बसते. त्याच्याहून स्वस्त कॅबिनेट घ्यायचे असेल तर हेच दोन आकडे त्याच्या माहितीपत्रकात शोधावेत, आणि ते दिलेले नसतील तर ते कॅबिनेट सोडून द्यावे. वरच्या बाजूला पंखे लावण्याचा मोह बहुतेकांना होतो. परंतु वर पुढच्या कोपऱ्यात बसवलेला पंखा नुकतीच आत आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर फेकतो, म्हणून वरची जागा आम्ही मोकळी ठेवणार आहोत.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त असावी, याला एक कारण आहे. तसे असले की कॅबिनेटच्या बारीक फटींमधून हवा बाहेर पडते. उलट झाले तर त्याच फटींमधून न गाळलेली धूळ आत ओढली जाते. हे तपासायला उपकरण लागत नाही. माझ्या संगणकावर मी एकदा पेटती उदबत्ती मागच्या पट्ट्यांजवळ, कार्डाच्या खाली असलेल्या रिकाम्या खाचांपाशी धरून पाहिली होती. पुढचे पंखे मंद होते तेव्हा धुराची रेघ सरळ आत वळत होती. त्यांची गती थोडी वाढवल्यावर ती आधी डळमळली आणि मग माझ्या बाजूला ढकलली जाऊ लागली. तीच गती मी कायम केली. उदबत्ती अर्थातच पुढच्या पंख्यांसमोर धरू नये आणि तिची राख कॅबिनेटमध्ये पडणार नाही हे पाहावे. रिकाम्या खाचांवरच्या पट्ट्या काढून फेकून देण्याची काही जणांना सवय असते. त्या जागच्या जागी असाव्यात, कारण आपल्याकडे त्या वाटेने धूळच नव्हे, तर पालही आत जाते.

आपल्या भागातील धुळीचा विचार वेगळा करावा लागतो. मार्केट यार्डाच्या परिसरात हळदीचा हंगाम सुरू झाला की फिल्टरवर बसणाऱ्या थराला पिवळसर झाक येते. ती कोरडी भुकटी हलक्या ब्रशने निघून जाते, त्यामुळे तिचा फारसा त्रास नाही. त्रास असतो तो काजळीचा. ऊस तुटून गेल्यावर शेतात पाचट पेटवले जाते आणि गच्चीवर काळे तुकडे येऊन पडतात, हे इकडे सगळ्यांनी पाहिलेले आहे. त्याच काजळीतला बारीक भाग फिल्टरमधून निसटतो आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पात्यांमध्ये चिकटून बसतो. ही धूळ नुसत्या फुंकरीने जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने घट्ट धरून ठेवावीत, नाहीतर ती हवेने भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. ऊस तोडणीच्या महिन्यांत फिल्टर पंधरवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवायचा, हे काम मी भाच्याकडे दिले आहे. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत महिन्यातून एकदा पुरे.

संगणक जमिनीवर ठेवायचा नाही, कारण फरशीजवळ धूळ सर्वाधिक असते आणि फरशी पुसताना पाण्याचे शिंतोडे उडतात. टेबलाच्या बंद कप्प्यातही ठेवायचा नाही, कारण तिथे तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढतो. टेबलावर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवणे उत्तम. छतावरचा पंखा स्लॅबखाली साचलेली गरम हवा खाली ढकलतो, तेव्हा सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा निवली की खिडकी उघडून तिच्यापाशी हवा बाहेर टाकणारा साधा पंखा लावणे जास्त उपयोगी पडते. पाण्याचा कूलर त्या खोलीत आहे आणि तो खोलीचे तापमान खरोखरच उतरवतो, तेव्हा तो बंद ठेवा असे मी म्हणणार नाही. संगणकाचे भाग खोलीपेक्षा गरम असल्याने त्यांच्यावर दव धरत नाही. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नये, कारण त्याच्यासोबत पाण्याचे सूक्ष्म थेंब आणि बोअरच्या पाण्यातले क्षारही येतात.

आता लिक्विड कूलरकडे वळू, कारण भाच्याशी सर्वांत जास्त वाद त्यावरच झाला. त्याचे म्हणणे असे की एवढ्या उकाड्यात पाण्याशिवाय भागणार कसे? पण लिक्विड कूलरमधील पाणी उष्णता फक्त वाहून नेते. ती सोडायची शेवटी रेडिएटरमधून त्याच ३८ अंशांच्या हवेत. दोनशे वॅटच्या पुढे जाणाऱ्या प्रोसेसरला रेडिएटरचे मोठे क्षेत्रफळ निश्चित लाभते, पण ८८ वॅटच्या प्रोसेसरला त्यातून मिळणारा फायदा मोजक्याच अंशांचा असतो. त्या बदल्यात अखंड चालणारा पंप पदरात पडतो आणि रबरी नळ्यांमधून वर्षानुवर्षे अगदी थोडे का होईना, पाणी उडत राहते. पंप बंद पडला तर प्रोसेसर काही क्षणांतच तापतो. टॉवर कूलरचा, म्हणजे धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यावर पंखा लावलेल्या साध्या कूलरचा पंखा बंद पडला तरी तो ठोकळा आणि मागचा पंखा थोडीफार उष्णता काढत राहतात, आणि नवा पंखा सांगलीतच कुठल्याही दुकानात मिळतो. टॉवर कूलरच्या तांब्याच्या नळ्यांमध्येही थोडेसे द्रव असतेच. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ पात्यांकडे जाऊन थंड होते आणि द्रव नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून परत खाली येते. म्हणजे पाणी हवेच असेल तर ते तिथेही आहे, आणि पंपाशिवाय आहे.

रायझन ५ ७६०० सोबत खोक्यात एक छोटा कूलर मिळतो. थंड खोलीत तो चालून जाईल, पण ३८ अंशांत तो सतत पूर्ण वेगाने फिरेल, म्हणून त्यावर थांबू नये. चार नळ्यांचा आणि १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर आम्ही ठरवला आहे. डीपकूलचा एके४०० हा १५५ मिलिमीटर उंचीचा असल्याने वर सांगितलेल्या मापात आरामात बसतो. हा प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत सुरक्षित चालावा अशीच त्याची रचना आहे. त्यामुळे उन्हाळ्यात ऐंशीच्या घरातला आकडा दिसला तर घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टबद्दल जितके बोलले जाते तितके तिचे महत्त्व नाही. विजेची वाहक नसलेली कुठलीही चांगली पेस्ट मधोमध थोडी लावावी, कूलरचे स्क्रू आलटून-पालटून आवळावेत आणि विषय संपवावा.

एसएमपीएस मात्र ‘कुठलाही’ चालत नाही. आपल्या संगणकाला ३०० वॅट लागणार असतील तर ६५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस निम्म्या भारावर चालतो, आणि त्याच टप्प्यात त्याची कार्यक्षमता सर्वाधिक असते. विकत घेताना छापील वॅट कोणत्या तापमानाला दिले आहेत ते पाहावे. काही कंपन्या ४० अंशांना मोजतात, काही ५० अंशांना. स्लॅबखालच्या खोलीत ४० अंश ही कमाल मर्यादा राहत नाही, त्याच्या आसपासचा आकडा उन्हाळ्यात रोजचाच असतो, म्हणून ५० अंशांवर पूर्ण भार देणाराच घ्यावा. आतील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते, हेही त्यामागचे कारण. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस त्याचा पंखा खाली करून बसवावा, म्हणजे कार्डाची गरम हवा त्याच्या वाट्याला येत नाही.

विजेचे चढउतार सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. घरातल्या इन्व्हर्टरवर संगणक जोडला तर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. चांगला एसएमपीएस वीज गेल्यावर साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याआधी चालू झाला तर संगणक चालू राहतो, नाहीतर बंद पडतो. इन्व्हर्टरवर यूपीएस असा पर्याय असेल तर तो निवडावा. स्वतंत्र यूपीएस घ्यायचा तर खोक्यावरच्या व्हीए या आकड्यावर जाऊ नये. बाजारातला १००० व्हीएचा साधा यूपीएस सहसा ६०० वॅटचाच असतो. शुद्ध साइन वेव्ह देणारा महाग पडतो, पण आधुनिक एसएमपीएस त्यावर बिनतक्रार चालतात. या सगळ्याआधी त्या खोलीतील सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायला मी बहिणीला सांगितले, कारण जुन्या घरांत वरच्या मजल्यावर तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसरी वायर कुठेच जोडलेली नसते.

जोडणी झाल्यावरही बरेच काही फुकटात मिळवता येते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर फ्रेमची मर्यादा १४० वर बांधावी. कोणाला न दिसणाऱ्या फ्रेम तयार करण्यात जाणारी वीज आणि उष्णता दोन्ही वाचतात. कार्डाची वीजमर्यादा दहा टक्क्यांनी खाली आणली तर गतीतील घट सहसा त्याहून पुष्कळ कमी असते. मे महिन्याची तयारी डिसेंबरातच करता येते. टेबलावर साधा थर्मामीटर ठेवावा, पंख्यांची गती कायम ठेवून अर्धा तास एखादा जड गेम चालवावा आणि कार्डाच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. खोली २४ अंश आणि कार्ड ६६ अंश आले, तर फरक ४२. त्यात ३८ मिळवले की मे महिन्यातले ८० अंश आजच दिसतात, आणि पंख्यांची आखणी त्या आकड्याप्रमाणे करून ठेवता येते.

मदरबोर्ड बी६५० चा, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर धातूचे हीटसिंक असलेला घ्यायचा आहे. एसएसडी चौथ्या पिढीची पुरेशी आहे. ती कार्डाखालच्या खाचेत न बसवता वरच्या खाचेत, मदरबोर्डच्याच पट्टीखाली बसवावी. रॅम डीडीआर५-६००० ची, १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्यायच्या. चार पट्ट्या लावल्या की एएम५ वर ती गती सहसा टिकत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे कडाडले आहेत की यादीतील हीच एक ओळ आम्ही अजून कोरी ठेवली आहे. सध्या १६ जीबीची एकच पट्टी घेऊन चालवावे, की भाव उतरण्याची वाट पाहावी, यावर मामा-भाच्याचे एकमत झालेले नाही.